इवोच्या नावाची फाक

क्रेमोना, १३ नोव्हेंबर १९९३

इवो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तसंच ड्रॉवरमध्ये टाकू नकोस. आधी वाच, मग काय करायचं ते कर. आज संत ओमोबोनोचा दिवस, गावाला सुट्टी, चुलीवर मारुबिनीचा रस्सा उकळतोय, आणि मी वाढायचं सोडून स्वयंपाकघराच्या टेबलावर तुला लिहीत बसले आहे. यावरूनच काय ते समज.

फोन का करत नाही, म्हणशील. एक तर फोन आहे वर्कशॉपच्या दारात, आणि तुझा बाप तिथेच पाठमोरा बसलेला असतो. मला जे बोलायचं आहे ते त्याच्या कानावर जायला नको. दुसरं म्हणजे, फोनवर तू "बरं आहे आत्या, तू बरी आहेस ना" एवढं म्हणतोस आणि ठेवून देतोस.

तर ऐक. त्याने तुझी फाक खाली काढली.

कुठली ते तुला विचारावं लागणार नाही. माळ्यावर खिडकीशेजारी एकटीच उरली होती ती. तू जन्मलास त्या हिवाळ्यात तुझे आजोबा फिएम्मेच्या डोंगरात गेले, चंद्र उतरणीला लागल्यावर स्प्रूसचं झाड पाडून घेतलं आणि संत्र्याची फाक काढावी तसा तुकडा उभा चिरून घरी आणला. त्यावर त्यांच्या हाताने पेन्सिलीने लिहिलंय : इवो, १९५९. आपल्या घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं लाकूड ठेवायचं, आणि ते त्यानेच कापायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तुझ्या बापाने स्वतःची फाक पंचविसाव्या वर्षी कापली. माझ्या नावाची नव्हतीच, तेव्हा मुलींच्या नावाने लाकूड ठेवत नसत. ते असो.

परवा सकाळी मी वर वार्निशच्या बरण्या आणायला गेले तर खिडकीशेजारची जागा रिकामी. खाली येऊन बघते तर फाक त्याच्या टेबलावर.

"ओरेस्ते, ती इवोची आहे," मी म्हटलं.

"मग ये म्हणावं आणि घेऊन जा," म्हणाला. "तिकडे बेल्जममध्ये भुश्शाच्या फळ्या ठोकून लोकांचे ओटे बसवतो तो. त्याला कशाला हवंय आजोबांचं लाकूड? मी अडुसष्टचा झालो, बाई. मला एक तरी व्हायोलिन असं करू दे की जे बोलेल."

तुझे माझ्यावर एवढेच उपकार होऊ देत. एक ओळ लिही : फाक माझी आहे, कापू नका. तुझा शब्द आला तर तो चार शिव्या घालील, पण घरातला नियम मोडणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

एवढी घायकुतीला का आली आहेस, असंही विचारशील. काही नाही. त्याला जरा सर्दी आहे. सर्दीत कानाला दडे बसतात, आणि दडे बसलेल्या कानांनी असलं लाकूड कोरू नये. इतकंच.

तुझी आत्या
देल्फिना


क्रेमोना, २ डिसेंबर

इवो,

तुझी ओळ आली नाही. पोस्टात अडकली असेल असं मी मनाला समजावते आहे, आणि मन म्हणतं, बाई, कुणाला बनवतेस.

त्याला सर्दी नाहीये. ते मी खोटं लिहिलं. कागदावर खरं लिहिलं की ते खरं होऊन बसेल अशी भीती वाटली, पण आता लपवून काय मिळवणार आहे मी? सगळं सांगते.

ऑक्टोबरात ब्रूना आली होती. तू तिला ओळखत नाहीस. पार्माच्या थिएटरच्या वाद्यवृंदात वाजवते, पन्नाशीची आहे, फार नेक बाई. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्याकडून व्हायोलिन घेतलं. ओरेस्ते दुकानात नव्हता. तिने पेटी उघडली, व्हायोलिन माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "देल्फिनाबाई, मला वाईट वाटतंय सांगायला, पण हे खचतंय." मी डोळ्यांच्या रेषेत धरून बघितलं. तारांच्या घोडीखाली वरची फळी चक्क बसली होती, जुन्या गादीसारखी.

ती ठेवून गेली. मी बोथट सुरी घेतली आणि फळी उघडली. आपण वरची फळी मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतो ना, पुढच्या माणसाला उघडता यावी म्हणून. सरस मीच शिजवलेला, त्यामुळे सहज सुटली. आणि जाडीचं माप लावलं, इवो, विश्वास बसेना म्हणून तीनदा लावलं. जिथे अडीच मिलिमीटर असायला हवं तिथे दीडसुद्धा नव्हतं. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा त्याहून बरा असतो.

मला वाटलं, एखादी चूक असेल. माणूस आहे. पण मग मी त्याच्याकडे बघायला लागले. तो कसं काम करतो ते तू लहानपणापासून बघितलंस : फळी दोन बोटांत धरायची, तिसऱ्या बोटाच्या पेराने टकटक करायची, ऐकायचं, पात्याने जरासं खरवडायचं, पुन्हा टकटक. फळी बोलली की हात थांबवायचा. त्याच्या हातात मोजमाप कधी नव्हतंच, जे होतं ते कानात होतं. आता तो टकटक करतो, मान तिरकी करतो, वाट बघतो. काही येत नाही. मग खरवडतो. पुन्हा टकटक. काही येत नाही. पुन्हा खरवडतो.

एका सकाळी मी त्याच्या मागे उभी राहून तांब्याचं वार्निशचं भांडं मुद्दाम फरशीवर सोडलं. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तुझा बाप वळलासुद्धा नाही.

तेव्हापासून मी सगळं आठवते आहे. जेवायला हाका मारून मी दमायचे आणि म्हणायचे, याला मेल्याला मुद्दाम ऐकू येत नाही. तोर्रात्सोच्या मनोऱ्यावरची घंटा घणघणत असताना हा मला विचारायचा, किती वाजले गं? मी म्हणायचे, थट्टा करतोय.

ब्रूनाला मी सांगितलं की त्या लाकडातच दोष होता. आता तो माणूस तुझ्या फाकेवर रंधा चालवतोय. उद्या आतून कोरायला घेईल तेव्हा कशाच्या जोरावर थांबणार आहे?

लिही रे. एक ओळ.

आत्या


संत लुचियाचा दिवस, १३ डिसेंबर

डबा मिळाला. बिस्किटं छान आहेत. चिठ्ठी कुठे आहे? मी डबा उलटा केला, तळाचा कागद उचलला, झाकणाच्या आतून बघितलं. ओरेस्तेने एक बिस्किट खाल्लं आणि म्हणाला, "इवोने पाठवलं?" मी मान हलवली. त्याने दुसरं घेतलं नाही, पण डबा उचलून स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला. आता त्यात खिळे ठेवतो म्हणतोय. बिस्किटं संपायच्या आत डब्यावर हक्क सांगून झाला.

मी काय काय करते आहे ते वाचलंस तर हसशील. फाकेचे दोन भाग मधोमध जोडायचे होते, त्याने सरस मागितला. मी त्यात इतकं पाणी घातलं की सांधा सकाळी उघडा. तर त्याने स्वतः सरस शिजवला, आणि मला म्हणाला, "म्हातारी झालीस तू." मी! मग मी त्याची पाती पिठाच्या डब्यात लपवली. दोन दिवस शोधली आणि शेवटी जाऊन नवी घेऊन आला. वरून नव्या पात्यांना धारसुद्धा चांगली लागलीये.

शेवटी काल सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ओरेस्ते, तुला ऐकू येत नाही."

"काय?"

"तुला! ऐकू! येत नाही!"

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. काल मला रडू आलं. मला रडताना बघून त्याने पातं खाली ठेवलं. म्हणाला, लोक हल्ली पुटपुटतात. ब्रूना पुटपुटते, पाद्रीबुवा पुटपुटतात, रेडिओसुद्धा पुटपुटतो. कुणी तोंड उघडून बोलतच नाही.

"डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर."

तेव्हा मात्र तो खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणाला, "कानाच्या डॉक्टरच्या जिन्यावर मला कुणी बघितलं, तर उद्या या गावात माझ्याकडे फळी घेऊन कोण येईल?"

म्हणजे त्याला माहीत आहे, इवो. सगळं नसेल, पण थोडं माहीत आहे. आणि फळी घेऊन कुणीच येत नाही रे आता. कधीचे थांबलेत सगळे. ज्या माणसाकडे अर्ध्या गावाचे कारागीर लाकूड ऐकवायला यायचे, त्याचा दरवाजा दिवसभर वाजत नाही, आणि वाजला तरी त्याला कळणार नाही.

तुझ्या फाकेचा बाहेरचा उंचवटा झालाय. खरं सांगते, देखणा झालाय. हातांना काही झालेलं नाही त्याच्या. त्यामुळे तर मला जास्त भीती वाटते. वाईट काम करत असता तर मी ते लाकूड खेचून घेतलं असतं.

नाताळला ये. भांडायला ये. पण ये.

आत्या


सान ब्याजोचा दिवस, ३ फेब्रुवारी १९९४

इवो,

जानेवारी छातीच्या दुखण्यात गेला त्याचा. आजारी भावाच्या उशाशी बसून देवाचे आभार मानणारी मी पहिलीच बहीण असेन. तो अंथरुणात होता तोवर पाती बंद होती. आता उठलाय. सोमवारी आतून कोरायला घेतो म्हणतो.

आज सान ब्याजो म्हणून नाताळचा उरलेला शिळा पानेत्तोने केक खाल्ला आम्ही, घसा सांभाळला जावा म्हणून. घशाला संत आहे. कानाला कोण आहे ते मी पाद्रीबुवांना विचारलं, तर ते विचारात पडले.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको या विचारात मी काल रात्रभर झोपले नाही. कळल्यावर तू एक तर येशील, नाहीतर कधीच येणार नाहीस.

"कधीपासून?" हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. त्याचे कान कधीपासून गेले? दुरुस्तीला आलेली, विकायची राहिलेली, गावात कुणाकुणाकडे असलेली आपली व्हायोलिनं मी बघत सुटले. तेल-पाणी करते, तारा बदलून देते, असं काहीबाही सांगून माप आत घालून बघायचे. अलीकडची फार पातळ. त्याआधीची कमी. त्याआधीची आणखी कमी. मी मागे मागे जात राहिले, तर ते थांबेचना. ज्या वर्षी तू गेलास त्या वर्षीचं व्हायोलिनही पातळ निघालं. तिथे मी माप खाली ठेवलं, कारण मग माझ्या लक्षात आलं की त्या वर्षी आणखी एक व्हायोलिन झालं होतं.

त्या दिवशी मी अंगणात वार्निश शिजवत होते. खिडकीतून मला फक्त दिसलं. तू तुझं पहिलं व्हायोलिन, बिनवार्निशचं, पांढरं, हनुवटीखाली धरून वाजवत होतास. तो मान तिरकी करून ऐकत होता. मग त्याने मान हलवली. भांड्याखाली जाळ फुरफुरत होता, मला तुझा सूर ऐकू आला नाही. त्याचं वाक्य मात्र ऐकू आलं, तो तेव्हापासूनच मोठ्याने बोलायला लागला होता. "मुकं आहे. खुराड्याला फळ्या हव्यात, त्याला वापर." व्हायोलिन ठेवलंस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास.

तेवीस वर्षांचा होतास. तुझे कान चांगले होते, पण सगळं गाव ज्याच्या कानावर चालायचं त्या बापाचं तू खरं मानलंस. मीसुद्धा मानलं.

ते व्हायोलिन खुराड्याला लागलं नाही. माळ्यावर टांगलेलं होतं, मीच टांगलं होतं. काल खाली आणलं. धूळ पुसली, फळीला आतून टेकू देणारी काडी उभी केली, घोडी बसवली, तारा चढवल्या. उन्हाने लाकूड मधासारखं झालंय. जाडी मोजली. कुठे अडीच, कुठे जरा जास्त, जशी हवी तशी. मग ब्रूनाला बोलावलं. ओरेस्ते न्हाव्याकडे जातो ती वेळ मी मुद्दाम साधली, आणि मग माझंच मला हसू आलं. तो शेजारच्या खोलीत असता तरी काय बिघडणार होतं?

ब्रूनाने जाड तारेवर एकच लांब गज ओढला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मग बसून, डोळे मिटून, किती तरी वेळ वाजवत राहिली. मी ओट्याला टेकून उभी होते. टेबलावरच्या बशा थरथरत होत्या.

"कुणाचं आहे हे?"

"माझ्या भाच्याचं."

"कुठे असतो तो?"

"बेल्जममध्ये. ओटे बसवतो."

"ओटे?" म्हणून ती हसली, आणि माझा चेहरा बघून तिने व्हायोलिन पुन्हा मांडीवर घेतलं. "देल्फिनाबाई, मला हे द्या. असंच द्या, बिनवार्निशचं. नंतर वार्निश करू."

"विकायचं नाहीये," मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरला नाही.

इवो, ते मुकं नव्हतं. माझ्या बाळा, ते कधीच मुकं नव्हतं. अकरा वर्षं तू परक्याच्या स्वयंपाकघरांत गुडघ्यावर बसून बिजागऱ्या ठोकतो आहेस, आणि ते वर माळ्यावर टांगलेलं होतं.

ओरेस्तेला मी हे सांगितलेलं नाही. सांगणार कशी? त्याला जगायला एकच गोष्ट आहे, की त्याचे कान चुकत नाहीत. व्हायोलिन पुन्हा वर ठेवून दिलंय. तारा तशाच आहेत.

सोमवारच्या आत ये. तू त्याच्या शेजारी बस आणि फळी बोलली की त्याचा हात धर. त्याचे हात आणि तुझे कान मिळून ते व्हायोलिन होईल. दुसरा मार्ग मला सुचत नाही.

आत्या


मंगळवार, १५ फेब्रुवारी

घाईत लिहिते. बाहेर कार्निव्हलची पोरं पिपाण्या वाजवत रंगीत कागद उधळतायत.

फळी आज बोलली. मी तिथे होते, शिवणाचं निमित्त करून त्याच्या शेजारी बसले होते. बाहेर इतका गोंगाट, तरी मला स्पष्ट ऐकू आलं. टकटक, आणि ती नुसती लाकडाची न राहता खोलीभर पसरली, खणखणीत आणि लांब. आजोबांच्या वेळची एखादी फळी अशी बोललेली मला आठवते. त्यानंतर आजच.

"थांब," मी म्हटलं. त्याचं पातं चाललेलंच होतं. मी उठून त्याचं मनगट धरलं. "ओरेस्ते, थांब, बोलली ती! बोलली!"

त्याने हात झटकला. "जन्मभर वार्निश शिजवलंस," म्हणाला, "आता कानही तुझेच चांगले का? अजून कुठे बोलतेय ती. झोपलीय अजून."

मी फळी ओढायला गेले तर त्याने ती छातीशी धरली. त्या वेळी त्याचे डोळे बघवत नव्हते, इवो. लहान मुलाच्या हातातून खाऊ काढून घ्यावा तसे झाले होते. माझ्याने ओढवली नाही. सत्तरीला टेकलेली दोन माणसं एका लाकडासाठी झोंबतायत, आणि खिडकीच्या काचेवर पोरं नाक दाबून बघतायत.

मी हे लिहितेय आणि आतून पात्याचा आवाज येतोय. सर्र. सर्र. त्याला तोही येत नसेल.

ये रे. कुठल्याही गाडीने ये.


क्रेमोना, १८ फेब्रुवारी

इवो,

लाकडासाठी येऊ नकोस आता. लाकूड गेलं.

बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्या सकाळी, मी राखेचं बोट कपाळावर लावून चर्चमधून आले, तर तो खिडकीशी उभा होता. फळी दोन्ही हातांनी उजेडात धरलेली. ऊन तिच्यातून आरपार येत होतं, कानाच्या पाळीतून येतं तसं, लाल. मी दारातच थांबले. तो ती हळूहळू फिरवत बघत होता. मग त्याने मधोमध अंगठा ठेवला, दाबला नाही, नुसता टेकवला, आणि अंगठा पलीकडे गेला.

तो खाली बसला. भुश्शात, जमिनीवरच. किती तरी वेळ त्या भोकातून आपला अंगठा बघत राहिला.

"मला वाटलं, अजून जाड आहे," म्हणाला.

मी त्याच्याजवळ बसले. तू लहान होतास आणि तुझी आई गेली, त्या दिवशीही आम्ही असेच जमिनीवर बसलो होतो.

"ब्रूनाचं पण?" त्याने विचारलं. तिचं व्हायोलिन मी कपाटात लपवलेलं त्याने बघितलं होतं म्हणे. मी मान डोलावली.

"आणि त्याआधीचं?" मी मान डोलावली.

"त्याच्याआधीचं?"

मी हललेच नाही. पण चाळीस वर्षं लाकूड वाचलेल्या माणसाला माझा चेहरा वाचायला किती वेळ लागणार? तो ओठ हलवत मागे मागे मोजत गेला. एके ठिकाणी ओठ थांबले. मग माझ्या खांद्याला धरून उठला, आणि मी काही बोलायच्या आत माळ्याच्या जिन्याने वर गेला.

मी मागोमाग गेले. तुझं व्हायोलिन त्याने खाली काढलं होतं. तारा बघितल्या, माझ्याकडे बघितलं. मान तिरकी करून ऐकायचा प्रयत्न केला नाही या वेळी. व्हायोलिन गळ्याशी घेतलं, जबड्याचं हाड लाकडावर घट्ट दाबलं आणि जाड तार अंगठ्याने छेडली.

त्याचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. कानांनी जे येत नव्हतं ते हाडातून आत गेलं असेल. तो तसाच वाकलेला राहिला. तार पुन्हा छेडली. मग दुसरी. मग चारही, एकेक करून, प्रत्येक विझेपर्यंत थांबत. डोळ्यांतलं पाणी उघड्या लाकडावर पडत होतं. वार्निश नाही त्याला, डाग राहील, असं माझ्या मनात आलं, बघ माझं मन कसं आहे ते.

"हा आवाज याला कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

त्याने माझ्या ओठांकडे बघावं म्हणून मी त्याचा चेहरा वळवला.

"पहिल्यापासून," मी म्हटलं.

जेवतो, कारण मी समोर बसते. पाती सगळी पुसून, तेल लावून गुंडाळून ठेवली. ब्रूनाला आणि बाकीच्या सगळ्यांना कळवायचं म्हणतो, की फळ्या मी बदलून देईन. कुणाच्या कानांनी बदलणार, ते त्यालाही माहीत नाही. डॉक्टरकडे यायला तयार आहे. आता तो कशालाही तयार आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते. भोक पडलेली तुझी फळी त्याने टाकलेली नाही. ज्या कडेला आजोबांचं अक्षर होतं तो ढलपा त्याने पहिल्याच दिवशी वेगळा काढून ठेवला होता, हे मला कालच कळलं. तुझ्या बिस्किटांच्या डब्यात आहे. इवो, १९५९.

काल त्याने एक गोष्ट मागितली. मला म्हणाला, नंबर लावून दे. फोन हातात घेतला, कानाशी नेला, आणि तसाच उभा राहिला. मग ठेवून दिला. "तो काय म्हणतो ते मला कळणार कसं?" म्हणाला.

मी सांगितलं, तू बोल, मी ऐकेन आणि तुला सांगेन. तो नको म्हणाला. ते तुझ्या तोंडून त्याला मिळायला हवं, माझ्या नाही.

तरी बोलणार आहे. पत्र पोचायला वेळ लागतो म्हणून या नाही, पुढच्या रविवारी, दुपारी जेवणं झाल्यावर तुझा फोन वाजेल. तो मोठ्याने बोलेल, रागावलाय असं वाटेल, पण रागावलेला नसेल. त्याचं त्याला ऐकू येत नाही म्हणून तसं होतं. काय बोलणार ते त्याने मला सांगितलेलं नाही. सगळं बोलून झालं की तो वाट बघेल. पलीकडून तू हो म्हणालास, नाही म्हणालास, रडलास, शिव्या दिल्यास, तरी त्याला सारखंच.

म्हणून फोनवर काही बोलू नकोस, इवो. ऐकून घे, फोन ठेव आणि ये.

देल्फिना आत्या